आय.टी.आय. आणि कारखानदार : सामंजस्य करारावर सही झाल्यानंतर काय?

निवृत्त गटनिदेशक

केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अद्ययावतीकरणासाठी ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि ऑक्टोबरमध्ये ती पीएम-सेतू या नावाने सुरू झाली. त्यातील ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० कोटी राज्यांचे आणि १०,००० कोटी उद्योगांचे असा हिशेब आहे. देशभरातील २०० संस्था केंद्रस्थानी ठेवून त्यांना ८०० संस्था जोडायच्या आणि कारभार उद्योगांच्या पुढाकाराने चालणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे सोपवायचा, अशी तिची रचना आहे. आधी शिल्पनिदेशक (कार्यशाळेत शिकवणारा) आणि पुढे गटनिदेशक (अशा निदेशकांवर देखरेख ठेवणारा) म्हणून माझी सगळी नोकरी शासकीय संस्थांत झाली असल्यामुळे ही बातमी वाचताना मला २००७-०८ ची योजना आठवल्यावाचून राहिली नाही. त्या अनुभवातून उद्योजकांच्या सहभागाविषयी काय शिकता येईल, यावर येथील जाणकारांनी लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

त्या वेळी देशातील १,३९६ शासकीय संस्था सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी निवडल्या गेल्या होत्या. प्रत्येक संस्थेसाठी संस्था व्यवस्थापन समिती नोंदवली गेली आणि त्या समितीला केंद्राकडून अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज मिळाले. पहिली दहा वर्षे परतफेड नाही आणि नंतरच्या वीस वर्षांत समान हप्ते, म्हणजे वर्षाला साडेबारा लाख, अशी अट होती. समितीचा अध्यक्ष उद्योग भागीदार, त्याने सुचवलेले चार उद्योजक सदस्य, शासननियुक्त पाच सदस्य आणि सचिव म्हणून प्राचार्य, असे अकरा जणांचे मंडळ असे. इतकेच नव्हे, तर वीस टक्क्यांपर्यंतच्या प्रवेशांबाबत ठरवण्याचा अधिकारही समितीला होता. कागदावर उद्योजकाला याहून अधिक अधिकार देणे अवघड होते.

प्रत्यक्षात मी जे पाहिले ते असे की, मोठ्या कंपनीचा प्रकल्पप्रमुख अध्यक्ष होई, दोन-तीन वर्षांत त्याची बदली होई आणि नवा प्रमुख येऊन फाइल समजून घेईपर्यंत वर्ष निघून जाई. हप्ते फेडायचे कोठून, या धास्तीने बऱ्याच समित्यांनी रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवला आणि त्या व्याजावर समाधान मानले. बैठकांमध्ये निविदा, रंगरंगोटी आणि छताची गळती यांवर तासन्‌तास चर्चा होत असे; मात्र जोडारी (फिटर) किंवा यंत्रकारागीर (मशिनिस्ट) या व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला मायक्रोमीटर धरता येतो का, हा प्रश्न एखाद्या उद्योजक सदस्याने विचारल्याचे मला फारसे स्मरत नाही. यात उद्योजकांना दोष देण्याचा हेतू नाही, कारण आम्हीही त्यांच्याकडे हे कधी मागितले नव्हते.

आम्ही मागत होतो देणगी, जुनी यंत्रे, एखादे व्याख्यान आणि वर्षाअखेरीस भरती मेळाव्यासाठी एक माणूस. एका कारखान्याने आम्हाला सी.एन.सी. (संगणकनियंत्रित) लेथ दिला होता. हार-तुरे झाले, वर्तमानपत्रात छायाचित्र आले आणि नंतर लक्षात आले की, त्याच्या नियंत्रकाचे सुटे भाग बाजारात मिळणे बंद झाले आहे. तो लेथ अनेक वर्षे कार्यशाळेत झाकून ठेवलेला होता आणि जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) मात्र चालू स्थितीत होता.

वरील सर्व मागण्यांचे एक वैशिष्ट्य असे की, त्या पूर्ण करताना कारखान्याच्या उत्पादनाला धक्का लागत नाही. माझ्या मते उद्योजक भागीदार झाला असे तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा तो आपल्या उत्तम कारागिराचे काही तास प्रशिक्षणासाठी सोडेल, म्हणजे ज्याच्या अनुपस्थितीने त्या दिवशीचे उत्पादन कमी होईल असा माणूस देईल. असे त्याने का करावे आणि कोणत्या परिस्थितीत तो करतो, एवढ्यापुरतीच चर्चा राहिली तर बरे होईल.

शिरोलीकर

सर, आपण उद्योजक म्हणता तेव्हा डोळ्यांसमोर मोठी कंपनी येते; परंतु कोल्हापूर परिसरात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत, माझ्यासारखे वीस-पंचवीस माणसांचे मशीन शॉप चालवणारेच अधिक आहेत. फौंड्रीतून (ओतशाळेतून) कास्टिंग म्हणजे ओतीव भाग येतो, आम्ही त्याचे मशीनिंग करून देतो. माझ्याकडे सेटर, म्हणजे यंत्र जुळवून देणारा कारागीर, एकच आहे. त्याने मुलाला ऑफसेट (हत्याराच्या स्थितीची दुरुस्ती) कसा द्यायचा हे शिकवायला घेतले की दोन व्ही.एम.सी. (संगणकनियंत्रित मशीनिंग यंत्रे) थांबतात आणि माल वेळेत गेला नाही तर पुढची ऑर्डर शेजाऱ्याकडे जाते. उत्तम कारागिराचे तास देण्याची माझी तयारी नाही असे नाही. ते तास माझ्याकडे शिल्लकच नाहीत.

त्यात दुसरी गोष्ट अशी की, वर्ष-दीड वर्ष मेहनत घेऊन मुलगा तयार झाला की तो दोन-तीन हजार रुपये जास्त मिळतात म्हणून चाकणला जातो. त्याने जावे, त्याचे भले व्हावे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण शिकवण्याचा खर्च लहान कारखान्याने करायचा आणि तयार माणूस मोठ्या कारखान्याने न्यायचा, ही व्यवस्था भागीदारी या सदरात बसत नाही.

आमच्या संघटनेच्या सभागृहात संस्थेचे अधिकारी येतात, तेव्हा पहिला प्रश्न असतो की, तुम्ही पुढच्या वर्षी किती मुलांना नोकरी द्याल. मला तीन महिन्यांपलीकडच्या ऑर्डरचा अंदाज नसतो, तेथे दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या मुलाला मी आज काय आश्वासन देणार? त्याऐवजी कोणते काम करणारा माणूस तुम्हाला मिळत नाही, असे विचारले असते तर मी पाऊण तास बोललो असतो. ड्रॉइंगवरचे टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचता येणे, छिद्राचा व्यास मोजायला बोअर गेज लावता येणे आणि पहिला जॉब तपासून तो बरोबर की चूक हे स्वतः ठरवता येणे, एवढे जमणारा मुलगा मला हवा आहे; बाकीचे मी शिकवीन. आमच्याकडील फौंड्रींना साच्याच्या वाळूची तपासणी आणि पॅटर्नची (साचा बनवण्याच्या नमुन्याची) दुरुस्ती जाणणारी माणसे मिळत नाहीत. मात्र पालकांना आपला मुलगा वीजतंत्रीच (इलेक्ट्रिशियन) व्हावा असे वाटते आणि भट्टीजवळच्या व्यवसायाकडे कोणी वळत नाही. भट्टीजवळच्या कामाचे वेतन आणि तेथील धूळ यांविषयी आम्ही फौंड्रीवाल्यांनाही काही सांगायला हवे, पण तो निराळा विषय झाला.

कामगारपक्ष

चर्चा चांगली आहे, तरीही एक बाजू सुटते आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ च्या कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो, आणि सर्वसाधारण कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. या तरतुदीमागील हेतू शिक्षणाचा असला, तरी तिचा उपयोग स्वस्त मनुष्यबळासाठी कसा होतो हे पुणे आणि छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यातील कोणालाही विचारावे. नीम या रोजगारक्षमता वाढवण्याच्या केंद्रीय योजनेतील प्रशिक्षणार्थी पूर्ण पाळी उत्पादनाच्या रांगेवर उभे असत आणि मुदत संपली की त्यांच्या जागी दुसरी तुकडी येत असे. ती योजना अखेर बंद करावी लागली.

२०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना, ठेकेदाराची माणसे धरून, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. वरची मर्यादा पंधरा टक्के म्हणजे हजार माणसांच्या कारखान्यात दीडशे उमेदवार. एवढ्यांना शिकवायला तेथे कोण मोकळे असते? २०१४ च्या दुरुस्तीने तुरुंगवासाची तरतूद काढली आणि जागा न भरल्यास दर उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा पाचशे आणि पुढे हजार रुपये दंड ठेवला. हा दंड उमेदवार न घेतल्याबद्दल आहे. उमेदवार घेऊन त्याला काहीही न शिकवणाऱ्याच्या बाबतीत कायद्याची नजर फारशी तीक्ष्ण नाही. म्हणून उद्योजकाला अधिकार देण्याची भाषा करताना त्याच्यावर देखरेख कोण ठेवणार, हेही त्याच कागदात लिहिलेले असावे.

चाकणवासी

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात काम करतो, त्यामुळे कामगारपक्ष यांचा रोख माझ्यासारख्यांकडेही आहे आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. कारखाना ही एकजीव वस्तू आहे असे बाहेरून वाटते, तसे ते नसते. सामंजस्य करारावर मनुष्यबळ विभाग सही करतो, छायाचित्रात प्रकल्पप्रमुख असतात आणि मुलाला प्रत्यक्ष सांभाळायचे असते ते लाइनवरच्या सुपरवायझरने. त्याला त्या कराराची प्रत कोणी दाखवलेली नसते आणि त्याची वार्षिक बढती दररोजच्या उत्पादनावर अवलंबून असते. अशा वेळी हाताशी आलेल्या मुलाला तो यंत्रावर उभा करणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आमच्याकडे काही वर्षांच्या ओढाताणीनंतर दोन गोष्टी मान्य झाल्या. सुरुवातीचे काही आठवडे प्रशिक्षणार्थीची गणना लाइनच्या मनुष्यबळात करायची नाही, म्हणजे त्याच्या भरवशावर उत्पादनाचे उद्दिष्ट ठरवायचे नाही, ही पहिली. शिकवणाऱ्या ज्येष्ठ कामगाराला त्यासाठी भत्ता द्यायचा आणि सुपरवायझरच्या मूल्यमापनात त्याच्या हाताखालील मुलांची प्रगती मोजायची, ही दुसरी. पैशाच्या दृष्टीने हा खर्च किरकोळ आहे. मात्र उत्पादन विभागाच्या बैठकीत तो मान्य करून घेण्यासाठी वरिष्ठांपैकी कोणीतरी हट्ट धरावा लागतो. असा हट्टी माणूस शोधणे, हे संस्थेच्या प्राचार्यांनी भागीदार निवडताना करायचे पहिले काम आहे, असे मी म्हणेन. कंपनीचे नाव किती मोठे आहे याला त्यापुढे फारसे महत्त्व नाही.

विद्यावेतनाविषयीही एक निरीक्षण नोंदवतो. २०१९ च्या नियमांत ते शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरले आणि २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातील पंचवीस टक्के, कमाल दीड हजार रुपये, केंद्राकडून मिळतात. म्हणजे मोठा वाटा मालकाचा. याउलट २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यास सहा, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकास आठ आणि पदवीधरास दहा हजार रुपये संपूर्णपणे शासन देते. तरुणांना आधार मिळाला हे खरेच, पण ज्या माणसाचा एक रुपयाही खर्च कारखान्याच्या वहीत पडत नाही, तो काय शिकला याची चौकशी कारखान्यात कोणी करत नाही. सगळा भार शासनाने उचलला तर मालक भागीदार होईल, ही समजूत मला उलटी वाटते.

नेकारकाठचा

श्टुटगार्ट परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक असल्यामुळे जर्मनीचा दाखला देण्याची जबाबदारी बहुधा माझ्यावर येते. महाराष्ट्र आणि येथील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाल्यापासून गावाकडून विचारणाही वाढली आहे. जर्मनीत प्रत्येक कारखाना मुलांना शिकवतो, असा समज आपल्याकडे आहे. वास्तविक प्रशिक्षण देणाऱ्या आस्थापना एकूण आस्थापनांच्या सुमारे एक पंचमांश आहेत आणि तयार माणूस दुसऱ्याने नेण्याची शिरोलीकर यांची तक्रार येथील लहान मालकांच्या तोंडीही ऐकू येते.

फरक कोठे आहे, तर परीक्षेत. व्यावसायिक शिक्षणाचा कायदा १९६९ चा आहे आणि त्यानुसार अंतिम परीक्षा सामान्यतः उद्योगांचे किंवा कारागिरांचे मंडळ घेते, ज्याचे सदस्यत्व व्यवसाय करणाऱ्यांना सक्तीचे असते. परीक्षकांच्या समितीत मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसंख्येने बसतात, तसेच व्यावसायिक शाळेचा किमान एक शिक्षक असतो. शेजारच्या कारखान्यातील फोरमन माझ्या कारखान्यातील मुलाची परीक्षा घेणार आहे, एवढ्या एका गोष्टीने मालक मुलाला पॅकिंगला लावण्यापूर्वी विचार करतो, कारण मुलगा नापास झाला तर वसाहतीत चर्चा त्याच्या कारखान्याची होते. कामगारपक्ष यांनी देखरेखीचा प्रश्न विचारला. येथे सरकारी निरीक्षकापेक्षा व्यवसायबंधूंची नजर अधिक काम करते. शिवाय शिकवणाऱ्या माणसाला शिकवता येते का, याचीही स्वतंत्र परीक्षा असते. उत्तम टर्नर हा उत्तम शिक्षक असतोच असे नाही, हे येथे फार पूर्वी ओळखले गेले.

आपल्याकडे जशीच्या तशी ही व्यवस्था आणता येणार नाही, कारण सक्तीच्या सदस्यत्वाचे मंडळच आपल्याकडे नाही. तथापि परीक्षक म्हणून कारखान्यातील माणूस बोलावण्यास मंडळ लागत नाही.

वीजतंत्री

मी दुहेरी प्रशिक्षण पद्धतीतून वीजतंत्री व्यवसाय पूर्ण केला आणि सध्या वाळूज येथे देखभाल विभागात आहे. या पद्धतीत सिद्धांताचा भाग संस्थेत आणि प्रात्यक्षिकाचा मोठा भाग कारखान्यात होतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सहा ते बारा महिने कारखान्यात काढायचे असतात. संस्थेत आम्ही मोटर गुंडाळायला शिकलो. कारखान्यात गेल्यावर कळले की, जळालेली मोटर बाहेर दुरुस्तीला पाठवतात आणि आतल्या माणसाने पॅनेलमधील दोष शोधणे, ड्राइव्हचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाचे) पॅरामीटर पाहणे आणि सेन्सरचा संकेत का येत नाही हे पी.एल.सी.च्या (यंत्राच्या नियंत्रकाच्या) दिव्यांवरून ओळखणे अपेक्षित असते. मोटर गुंडाळण्याचा मला पश्चात्ताप नाही, कारण चुंबकीय क्षेत्र डोक्यात बसले ते तेथेच. संस्थेने पाया द्यावा आणि कारखान्याने चालू तंत्र द्यावे, ही विभागणी योग्य आहे.

मात्र पहिल्या कारखान्यात आम्हा मुलींना सुरुवातीला मालावर लेबल चिकटवण्याच्या कामाला बसवले होते. आमच्या निदेशक मॅडम अचानक भेटीला आल्या, त्यांनी नोंदवही मागितली, आणि त्या आठवड्यात तिच्यात वीजतंत्रीचे एकही काम नसल्याचे पाहून त्या सरळ देखभाल विभागाच्या प्रमुखांकडे गेल्या. त्या दिवसानंतर आम्ही पॅनेलजवळ दिसू लागलो. निवृत्त गटनिदेशक सरांना विचारायचे आहे की, अशा भेटींसाठी निदेशकांना प्रवासभत्ता आणि वेळ मिळतो का? मॅडम स्वतःच्या दुचाकीवरून, स्वतःच्या पेट्रोलने येत होत्या. करारात यंत्रांची यादी असते, भेटींचे वेळापत्रक नसते.

पहिल्या पाळीच्या बसचाही विचार व्हावा. बस मुख्य रस्त्यावर पहाटे येते आणि तेथपर्यंत गावातून वाहन नसते. आमच्या तुकडीतील दोघींनी त्याच कारणाने मध्येच सोडले. कारखान्याने मात्र मुलींना या कामात रस नसतो असा निष्कर्ष काढला.

शिरोलीकर

ताईंचे वाचून एक कल्पना सुचली. माझ्याकडे व्ही.एम.सी. आहेत, शेजाऱ्याकडे ग्राइंडिंग, समोरच्याकडे मोजमापाची चांगली खोली आणि थ्री-डी मापनयंत्र. आम्ही चार-पाच जणांनी मिळून आठ-दहा मुले घेतली आणि ती आळीपाळीने फिरवली, तर कोणा एकाच्या सेटरवर सगळा बोजा पडणार नाही आणि मुलालाही चार प्रकारची कामे येतील. शिवाय मुलगा पुढे आमच्यापैकी कोणाकडेही राहिला, तरी शिकवलेले वाया गेले असे वाटणार नाही. कायद्यात हे बसते का? आमच्यापैकी कोणाकडेच तीस माणसे नाहीत.

निवृत्त गटनिदेशक

शिरोलीकर साहेब, बसते. अधिनियमाच्या कलम ८ मध्येच अनेक मालकांनी एकत्र येऊन उमेदवारांना एकमेकांच्या आस्थापनांत फिरवून प्रात्यक्षिक प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ती वापरणारे विरळा आहेत, इतकेच. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना उमेदवार घेणे ऐच्छिक असले, तरी घेण्यास आडकाठी नाही. आय.टी.आय. उत्तीर्ण मुले घेतलीत तर त्यांच्या मूलभूत प्रशिक्षणाचा प्रश्नही येत नाही, तो भाग त्यांचा झालेला असतो.

आपल्या संघटनेने एखादा निवृत्त फोरमन मानधनावर समन्वयासाठी नेमावा, असे सुचवतो. मुलगा कोणत्या महिन्यात कोणाकडे राहील, तेथे नेमके काय शिकेल आणि ते आले की नाही हे कोण तपासेल, हे त्याने एका तक्त्यात मांडावे. तपासणारा माणूस शिकवणाऱ्या कारखान्याचा नसावा. नेकारकाठचे यांनी सांगितलेले तत्त्व एवढ्या लहान वर्तुळातही लागू करता येईल. संस्थेच्या प्रात्यक्षिक परीक्षांच्या सरावासाठी आपले सेटर आणि गुणवत्ता तपासनीस वर्षातून काही वेळा कार्यशाळेत येऊ शकले, तर अभ्यासक्रमातील त्रुटी निदेशकांना कागदी अहवालाशिवाय कळतील. बैठक मात्र संध्याकाळी साडेसहानंतर आपल्या वसाहतीत ठेवावी. सकाळी अकराला प्राचार्यांच्या दालनात बोलावले की लहान मालक येत नाही, आणि नंतर आम्ही अनास्थेबद्दल तक्रार करत बसतो.

वीजतंत्री ताई, भेटींसाठी वेळही मिळत नाही आणि भत्त्याचे देयक मंजूर होईपर्यंत निदेशकाचा उत्साह टिकत नाही. तेथे व्यवस्थापन समितीचा निधी वापरता येण्यासारखा आहे. समित्यांनी मुदत ठेवींच्या व्याजातून आजवर जे काही केले, त्याच्या तुलनेत पेट्रोलचा खर्च क्षुल्लक आहे.

चाकणवासी

शिरोलीकर, तयार माणूस आम्ही नेतो हा आपला आक्षेप मी मनावर घेतला आहे. आमच्या पुरवठादारांपैकी काही कोल्हापूर भागातील आहेत. त्यांच्याकडील रिजेक्शन (नापास होणारा माल) कमी झाले तर पहिला फायदा आमचा आहे, त्यामुळे पुरवठादारांच्या गटासाठी मापनाचा छोटा अभ्यासक्रम आमच्या खर्चाने चालवावा असा प्रस्ताव मी आमच्या गुणवत्ता विभागामार्फत मांडणार आहे. मनुष्यबळ विभागामार्फत मांडला तर तो समाजकार्याच्या अंदाजपत्रकात जाईल आणि तेथेच राहील.

कामगारपक्ष

फिरत्या व्यवस्थेला माझा विरोध नाही. फक्त एक बाब आधीच लेखी ठरवावी. शिकाऊ उमेदवाराला काम करताना इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, परंतु मुलाचा करार एका मालकाशी नोंदलेला आणि अपघात दुसऱ्याच्या प्रेसवर झालेला, अशा वेळी दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मुलाचे आईवडील दोन कार्यालयांमध्ये फिरत राहतात.

शिरोलीकर

मान्य. विमा सर्व मुलांचा संघटनेच्या नावाने एकत्र काढावा, आणि ज्याच्या छपराखाली मुलगा त्या दिवशी असेल त्याने पहिल्या उपचाराचा खर्च लगेच करावा, मग आपापसांत हिशेब पाहावा, असे कलम घालतो. चार मालकांशी बोललो आहे. त्यांपैकी दोघे तयार आहेत, तिसऱ्याला विद्यावेतनाचे वाटप कसे होणार ते कागदावर हवे आहे, आणि चौथा म्हणतो की, आधी मुले कोणती येतात ते पाहू. सर, पुढील महिन्यात आपल्याला सवड असेल तर तक्ता बनवायला एक संध्याकाळ शिरोलीला यावे.